तक्ता

पहिला तक्ता पत्र्याचा होता.
भोसरीच्या जे ब्लॉकात, टाइम ऑफिसच्या भिंतीवर,
हिरव्या ऑइलपेंटचा, पेंटर उंब्रजकराच्या हातचा.
सगळ्यात वर रेठरेकर साहेब,
त्यांच्याखाली तीन मॅनेजर, तिघांखाली नऊ सुपरवायझर,
आणि तळाशी एक लांब चौकोन, नुसता ‘कामगार’.
एकोणीस वर्षं त्याला कुणी हात लावला नाही.
एक मॅनेजर वारले तेव्हा नावावर नाव रंगवलं,
तरी तिरक्या उन्हात
जुनं नाव खालून डोकवायचं.

तेव्हा आम्ही सायलेन्सरचे ब्रॅकेट करायचो.
दिवसाला चार हजार. एकच माल, एकच गिऱ्हाईक.
निरोप जिना उतरल्यासारखा खाली जायचा
आणि तक्रार वर चढताना
दुसऱ्या मजल्यावर दम लागून बसायची.
चालत होतं. खोटं कशाला बोलू, छान चालत होतं.

मग चाकणहून माणसं आली,
चहा न घेताच सांगून गेली,
पुढच्या गाडीला आवाजच नाही.
आवाज नाही तर सायलेन्सर नाही,
सायलेन्सर नाही तर ब्रॅकेट...
वाक्य पुरं करायची गरज कुणालाच पडली नाही.

त्या गुरुवारी, सुट्टी असून, मला बोलावलं.
साहेबांची मुलगी गार्गी फळ्यापाशी उभी.
म्हणाली, जिना पाडायचा.
बॅटरी ट्रेला वेगळी टोळी, निर्यातीला वेगळी,
जुन्या मालाला एक, जोवर आहे तोवर.
ज्या त्या टोळीला आपला टूलरूमवाला, आपली तपासणी,
आणि निर्णय जिथे माल, तिथेच.
मी चौकोन काढत गेले.
तेवीस वर्षं हे काम माझंच.
अकरा तक्ते काढले,
एकातही मी नाही.

बबन लांडगे दोन चौकोनांत आले,
एकीकडे सरळ रेघ, दुसरीकडे तुटक.
ताई, तुटक म्हणजे?
म्हटलं, रजा सरळ रेघेकडे मागायची,
शिव्या दोन्हीकडून खायच्या.
हसले. तीन महिन्यांनी हसायचे थांबले.
एका वेल्डिंग मशिनवरून टोळ्या भांडल्या,
दोन जोडून एक केली,
एकीतून परत दीड निघाली.
फाइलचं नाव अंतिम. मग अंतिम दोन.
मग खरंच अंतिम.

दस्तगीर तांबोळी मात्र कुठेच बसेनात.
स्टोअर मोडलं, बोल्ट आता थेट लाइनवर उतरतात.
त्यांचा चौकोन मी माउसने उचलला
आणि कडेला ठेवला, पानाबाहेर,
छापताना जे येत नाही तिथे.
पण अडलं की सगळे तिकडेच जातात.
कुठल्या डायला कुठला स्क्रू,
कोणता पुरवठादार दिवाळीआधीच गाव गाठतो,
कुठल्या दोघांना एका पाळीत टाकायचं नाही.
या सगळ्या रेघा काढायच्या तर
कागद काळा होईल.

गार्गीला दाखवलं.
ती बराच वेळ पडद्याच्या कडेकडे बघत राहिली.
राहू दे बाहेर, म्हणाली, पण पुसू नकोस.
पगारपत्रकात कुठे धरू, मी विचारलं.
त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पत्रा आता सायकल स्टँडच्या छपरावर आहे,
रंगवलेली बाजू वर.
माझ्या खिडकीतून दिसतं,
पाणी साहेबांच्या नावावरून मॅनेजरांवर,
तिथून सुपरवायझरांवर येतं
आणि तळाच्या लांब चौकोनावरून सगळंच्या सगळं
खाली लावलेल्या सायकलींवर.
तेवढी व्यवस्था जुनीच आहे.

मी अंतिम सात उघडते.