आडवं बाळ कितव्या आठवड्यात

उपकेंद्रात नेट धरत नाही.
मागं पाण्याची टाकी आहे, तिच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर
रेंजच्या दोन काड्या येतात,
जिंतूरकडं तोंड केलं तर.
तिथं बसून मी कॉलेज निवडायलेय,
वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

पहिलं म्हणतं, घरबसल्या पदवी.
फोटोतली नर्स इतकी इस्त्रीची
की तिच्या ॲप्रनवर कधी कुणाची पाणमोट
फुटली नसावी.
दोनशे दहा व्हिडिओ. प्रमाणपत्र कुरिअरनं.
हप्ता महिन्याला बत्तीसशे,
म्हणजे पोराच्या नांदेडच्या मेसचे पैसे.

दुसऱ्याची पोरगी फोनवर गोड बोलायली,
‘मॅम, सीटा संपत आल्यात, सवलत फक्त आज.’
मी विचारलं, आडवं बाळ कितव्या आठवड्यात शिकवता?
ती थांबली.
तिच्या मागं दहा-बारा पोरी एकाच वेळी
सीटा संपत आल्याचं सांगत होत्या, तेवढं ऐकू आलं.
‘सरांना विचारून कळवते, मॅम.’
अजून कळवलं नाही.
सवलत मात्र रोज सकाळी आठला येते.

चांदबीला सांगितलं.
मी नवी होते तेव्हा हिनंच माझा हात धरून
पोटावरून फिरवला होता,
डोकं टणक, ढुंगण मऊ, बाकी बोटाला विचार म्हणून.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वरून सरकारी मनाई.
मिसरी लावता लावता म्हणाली,
‘फोन में हात किदर से डालते गे, त्रिशला?’
हसले.
मग रात्रभर ते हसू खड्यासारखं टोचलं.

रजिस्टरात दोनशे चौसष्ट नावं.
एक सोडून सगळी निळी.
अनसूया ढवळे, तिसरी खेप.
बाळ रडलं, वार पडली, मी हात धुवायला वळले,
तेवढ्यात गादी भिजली.
इंजेक्शन दिलं. पोट चोळलं. एकशेआठला फोन लावला.
सगळं बरोबर केलं होतं,
साहेबांनी चौकशीत तसं लिहूनही दिलं.
त्या कागदावर एक रकाना नव्हता:
ह्या बाईला अजून काय येत असतं, तर?

तिसऱ्या कॉलेजचं पान गबाळं आहे.
फोटो नाही, सवलत नाही.
मान्यतेचा नंबर, आणि खाली बारीक अक्षरात
‘स्वतः परिषदेकडे फोन करून खात्री करा.’
केला. दोन दिवस उचलला नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाले, हो, आहे यादीत.
बारा महिने अभ्यास फोनवर.
मग सहा महिने वार्डात, उभं राहून, रात्रपाळीसकट.
सहा महिने बिनपगारी.
नवऱ्यानं विचारलं, पगार वाढणार का?
नाही.
मंग?
मंग काय, मी भाकरी थापत राहिले.

पहिल्या दोघांनी आधी ईमेल मागितला होता.
ह्यांचा पहिला प्रश्न,
शेवटचं बाळंतपण कधी, कुठं, कुणाच्या सोबतीनं?
लिहायला घेतलं आणि खालून हाक आली,
‘सिस्टर, ट्रॅक्टर आलाय!’
ट्रॉलीत गोधडीवर पोरगी, पहिलटकरीण,
कळ आली की फाळका धरायची
आणि सासूला शिव्या घालायची. चांगल्या दणकट.
मला बरं वाटलं.

वर आले तेव्हा फोन म्हणत होता,
वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा.

केली.
कधी: आज, पहाटे पावणेचार.
कुठं: इथं.
कुणाच्या सोबतीनं:
लाईट गेली होती. टॉर्च चांदबीनं धरला होता,
तिला दिसत नाही तरी बरोबर जागेवर.
तिचं नाव लिहिलं.
पुढं तिची पदवी विचारली होती.
तिथं ‘चांदबी’च लिहिलं, परत एकदा.

ओटीपी यायचाय.
अजून एक पायरी वर चढते.