हजारी

नववीच्या इतिहासात दीड पानाचा होता तो मंगोल खान.
घोडे, धूळ, आणि चौकटीत त्याचं राज्य,
नकाशावर पिवळा रंग सांडल्यासारखं;
कुठं थांबायचं ते छापणाऱ्यालाही कळलं नसावं.

मी मोठ्यानं वाचायचे. आईला ऐकायला आवडायचं.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं.
निपाणीच्या आमच्या गल्लीत दिवेलागणीला
दर दाराशी कात्रीचा एकच आवाज.

"दहा स्वारांवर एक नायक," मी वाचलं,
"मग शंभराचा, मग हजाराचा,
दहा हजारांची फौज एका हुकमात."
आई म्हणाली, "हजारी दर काय हुता?"
मी हसले. ती हसली नाही.
हजाराला काय मिळतं
हे तिला देवाच्या नावाआधी ठाऊक.

"दहातला एक पळाला
तर दहाही जणांची मान उतरवत."
तिचं बोट दोऱ्यावर थांबलं.
"म्हंजे बसगोंडा मुनशीवानीच की.
एक इडी सैल निगाली
की सगळा कट्टा छाट."

मग तिनं विचारलं, "तेला लिवाय येत हुतं?"
नव्हतं. धड्यात तसंच होतं.
धरून आणलेल्या एका कारकुनानं
त्याच्या पोरांना अक्षरं शिकवली.
आईनं आपला अंगठा उलटा करून पाहिला.
तिचं मजुरीचं कार्ड कानडीत,
माझं पुस्तक मराठीत,
अंगठा कुठल्याच भाषेत नाही.
"म्हंजे आंगठाच," ती म्हणाली, जरा खुशीत,
आणि अर्ध्या जगाचा तो मालक
क्षणभर आमच्या उंबऱ्यावर येऊन टेकला,
हातात कार्ड, शाईनं निळं बोट.

पुढचा परिच्छेद मी हळू वाचला.
शहर पडलं की सगळ्यांना वेशीबाहेर काढायचं.
मोजायचं.
कारागीर तेवढे बाजूला घ्यायचे.
उरलेले शिपायांत वाटून द्यायचे,
प्रत्येकाच्या वाट्याला इतके,
कुऱ्हाडीच्या हिशेबानं.

बराच वेळ नुसती कात्री.
मग, पानावरची नजर न काढता:
"इडीवाल्यास्नी कारागीर म्हनत्यात?"

मी पान मागं उलटलं, पुढं उलटलं.
विणकर होते, लोहार होते,
तंबू शिवणारेसुद्धा.
धड्याखाली स्वाध्याय होता,
रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा.
हे कुणी विचारलेलं नव्हतं.

विषय बदलावा म्हणून मी शाळेतली गोष्ट सांगितली:
खानाच्या आईनं पोरांना म्हणे एकेक बाण दिला,
तो मोडला; जुडी दिली, ती मोडेना.
आईनं पंचवीस विड्या दोऱ्यानं आवळल्या,
टोकं तळव्यावर आपटून सारखी केली.
"जुडी मोडत न्हाई, खरं हाय.
पर वडाय घेत्यात ते एकेक करूनच."

शनिवारी तिच्याबरोबर कारखान्यात गेले, पाटी धरायला.
रांग पत्र्याच्या शेडबाहेर, उन्हात.
बसगोंडा एकेक कट्टा कानाशी नेऊन हलवायचा,
नको तो टेबलाखाली टाकायचा.
त्या छाटीचेही पैसे होत, आमचे नव्हे.
त्याची मान सारखी मागच्या काचेकडं वळायची:
त्याच्याही वर कुणी हजाराचा होता,
आणि त्याच्या वर आणखी कुणी,
ज्याला आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

आई रांगेतल्या बायकांना खान सांगत होती,
आपल्या पद्धतीनं, घोडे कमी, मुनशी जास्त.
हुसेनबीनं तोंडावरचा पदर सारला.
"मेला कसा गं त्यो?"

धड्यात शेवटची ओळ होती, एका शंकेसकट.
आईनं शंका वगळली.
"घोड्यावरनं पडून," ती म्हणाली,
टेबलापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

बसगोंडानं मान वर केली.
आमचा कट्टा अजून
त्याच्या कानाशीच होता.