पिवळा आयत

हॉर्शमचं घर विकलं तेव्हा रोवेना म्हणाली,
"मग आता पत्ता काय लिहायचा तुमचा?"
मर्विन म्हणाला, गाडीचा नंबर लिही.
तिला हसू आलं नाही.
मलाही नाही, खरं तर. पण मी त्याच्या बाजूने उभी राहिले,
बेचाळीस वर्षांची सवय.

एकतीस वर्षं त्याने धान्याच्या कोठारातले पट्टे दुरुस्त केले.
पट्टा दिवसभर धावायचा, जागच्या जागी.
मी शाळेच्या कँटीनमध्ये सँडविचं बांधायचे.
आता साडेसात मीटरचा संसार:
दोन बर्नर, तीन पातेली
(चौथं ग्लेनने होबार्टला नेलं, हट्टाने),
आणि बिछाना असा, की कूस बदलायची
तर एकमेकांना विचारून.

मुलांना वाटतं आम्ही निसटलो.
थोडं खरं आहे.

दर मे महिन्यात बॅलरॅटला जातो,
रोवेनाच्या दारात पाच आठवडे.
घरात नाही. दारात.
पहिल्या वर्षी टॉडने खोली रिकामी केली होती आमच्यासाठी,
नव्या चादरी, उशाशी दिवा.
एक रात्र झोपले तिथे. छत फार लांब होतं.
दुसऱ्या रात्री उशी काखेत मारून गाडीत परत.
रोवेना दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून
तिनेच केशरी वायर बाहेर सोडली.
"बॅटरीवर किती दिवस काढाल?"
एवढंच.

रात्री इम्मी येते, पायजमा, टॉर्च, अनवाणी.
"आत जागा आहे का?"
नसते.
आम्ही सरकतो.

निघायच्या सकाळी मर्विन सगळं मोजून बघतो:
गॅस बंद, पायरी आत, अँटेना खाली.
गेल्या वर्षी वायर राहिली.
गाडी हलली आणि खिडकीतून
आधी पडदा आला, मग टोस्टर.
रोवेना गाऊनमध्येच धावत सुटली, हात वर करून.
मर्विनने आरशात पाहिलं.
"बघ, पोरगी निरोप द्यायला धावतेय,"
म्हणाला, आणि हॉर्न वाजवला. दोनदा.

कोपऱ्यापर्यंत गेलो आम्ही तसेच.

मग ती रस्त्यात उभी राहून वायर गुंडाळत होती,
तळव्यापासून कोपरापर्यंत, पुन्हा तळवा,
मी शिकवलं होतं तसं,
नऊ वर्षांची असताना, कपड्यांच्या दोरीवर.
आधी रागाने गुंडाळत होती. मग खांदे हलायला लागले.
हसते की रडते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही,
मी विचारलंही नाही.
वायर तिने ठेवून घेतली.
टोस्टर आम्हाला दिला. एका बाजूने भाजतो अजून.

आज आम्ही नलारबोरवर आहोत.
झाड नाही, वळण नाही.
इथल्या पेट्रोल पंपावरचं घड्याळ
पर्थच्या पाऊण तास पुढे चालतं, कुणालाही न विचारता.
मला आवडलं ते.
पंपापाशीच फोन लागतो. ग्लेन विचारतो,
बाबा गाडी सावकाश चालवतात ना?
हो म्हणते. सावकाशच चालवतो.
डाव्या डोळ्याचं मी मुलांना सांगितलेलं नाही.
गेले दोन महिने उजवीकडची वळणं तो घेतो,
डावीकडची मी मोठ्याने वाचते.
इथे वळणंच नाहीत, म्हणून आलो इकडे,
हेही सांगितलेलं नाही.

इम्मीचा फोटो आला आहे.
गाडीखालचं गवत पिवळं पडलं होतं ना,
टॉड कुरकुरायचा, मोठा थोरला आयत,
लॉनच्या मधोमध.
"आजी, गवत उगवलं! तुम्ही कुठे उभे होता
ते आता ओळखूच येत नाही."

फोन मर्विनला दिला.
त्याने तो लांब धरला, जवळ आणला,
मान थोडी तिरकी केली.
"मला तर दिसतोय की," म्हणाला,
"हा काय, इथे. जरा फिका झालाय, इतकंच."

मी पाहिलं. सगळीकडे हिरवंच होतं.

हो, म्हटलं,
आणि शेगडी पेटवली.