सहावं तोंड

रिकाम्या टबात उतरून बसलेय
साडी गुडघ्यापर्यंत खोचून,
एकाहत्तराव्या वर्षी, भर दुपारी,
हातात जुना टूथब्रश.
पुढच्या महिन्यात मुलगा हा फोडून शॉवर बसवणार आहे.
तरी घासतेय.
भंगारात घालतानाही भांडं घासूनच देतो आपण.

नाना पेठेतल्या सुभाननं दाखवून ठेवलंय:
जेटचं तोंड चिमटीत धरायचं,
घड्याळाच्या उलट फिरवायचं,
जोर नाही लावायचा, काकू,
सत्त्याण्णवचं प्लास्टिक आहे, बिस्किटासारखं मोडतं.

सत्त्याण्णव.
पिंपरीच्या कंपनीतून व्हीआरएस घेतल्यावर
ह्यांनी आधी हा टब आणला, मग माझ्या पाटल्या.
टेम्पोतून चौघांनी उतरवला
तेव्हा कर्वेनगरातली अख्खी सोसायटी गॅलरीत.
वन्सं म्हणाल्या, दादा, म्हैस कधी आणतोयस?

पुढचं पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.
गुरुवारी पाणी बंद
म्हणून बुधवारी रात्री हा काठोकाठ.
त्यातून तांब्या तांब्यानं
भांडी, कुंड्या, संडास,
आणि समोरच्या खाजगीवाल्यांच्या दोन बादल्या.

पंप लागायचा तो फक्त ह्यांच्या कमरेसाठी.
माहितीपुस्तकात ठळक छापलं होतं: तेल घालू नये.
मी वाचून दाखवलं होतं, दोनदा.
नाही गं घातलं, म्हणायचे,
आतून, कडी लावून.

पहिलं तोंड सुटलं.
मागे टँकरच्या पाण्याचा चुना, नखाएवढा जाड.
दुसऱ्यात नातीच्या माळेतला हिरवा मणी,
ज्याच्यासाठी ती एक अख्खी संध्याकाळ रडली होती.
तिसरं आणि चौथं सहज आली.
पाचव्याला माझी केसांतली पिन मोडली.
सगळी लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवली,
वाटीत बसली काढून ठेवलेल्या दातांसारखी.
सहावं हलेना.

असू दे.
पाचही घासून परत बसवली,
गरम पाणी सोडलं ती बुडेपर्यंत,
वाटीभर व्हिनेगर ओतलं, बाहेर येऊन बटण दाबलं.

आधी खोकला,
पहाटेचा, घसा खाकरून घेणारा.
मग पाण्यावर काळे पापुद्रे,
जळक्या वर्तमानपत्राचे असावेत तसे,
आणि त्यांच्या मागून वास.

महानारायण तेल.
सात वर्षं नळ्यांत दडून बसलेलं
न्हाणीघरात उभं राहिलं,
टॉवेल गुंडाळून, ओल्या पायांनी.

खोटारडे, मी म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं. पंप चालू असताना
कुणाला काय ऐकू जातंय.

तीनदा भरला, तीनदा सोडला.
तिसऱ्यांदा पाणी नितळ आलं.
मी उगाच चौथ्यांदा बटण दाबून पाहिलं,
वाकून, नाक जवळ नेऊन.
काही नाही. नुसतं व्हिनेगर.

संध्याकाळी सुभान येऊन म्हणाला,
सहावं पान्यानं काढू? तुटलं तर बूच मारतो.
नको म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टबाकडे,
आणि पाना पिशवीत टाकला.
चहा घेतला. दोनशे रुपये घेईना, मग घेतले.

आज बुधवार.
नळ सोडून ठेवलाय, टब भरतोय.
खाजगीवाल्यांना आठवणीनं सांगायला हवं,
उद्याची बादली भांड्यांना नका वापरू,
झाडांना घाला.