तिसऱ्या मजल्याचं भाडं

दर गुरुवारी मी हिशोब लिहायला जाते.
क्वालालंपूरच्या जुन्या भागात, खाली टायरचं दुकान,
मध्ये बंद पडलेला दवाखाना,
आणि त्यावर, पाटी नसलेल्या दारामागे, शाळा.
पाटी लावायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं.
ज्याला यायचं त्याला चपलांवरून कळतं:
एकसष्ट जोड, आणि एक एकटी निळी,
जी कुणाचीच नाही, आणि कुणी फेकतही नाही.

बत्तीस वर्षं मी रबर कंपनीच्या वह्या जुळवल्या.
तिथे एक सेंट इकडचा तिकडे झाला नाही.
इथे महिनाअखेरीला दोनशे रिंगिट कमी पडतात
आणि मुख्याध्यापिका सुई दोत, वय बावीस,
खडूचे हात झग्याला पुसत म्हणते,
"ऊई आँटी, हातचे धरा."

तिची स्वतःची शाळा आठवीत संपली.
चिनच्या डोंगरात, वर्गात सैनिक राहायला आले तेव्हा.
हे तिने मला सांगितलेलं नाही.
एकदा नकाशा शिकवताना तिचं बोट
एका जागेवर जरा जास्त वेळ थांबलं, एवढंच.

जिन्यात बूट वाजले
की कुणी न सांगता वर्ग गप्प होतो.
पाढा हवेत अर्धा लटकतो, सात चोक—
छोटे मोठ्यांच्या मागे सरकतात,
पंखा तेवढा कुरकुरत राहतो, त्याला कुणी शिकवलेलं नाही.
बूट थांबतात. परत उतरतात.
—अठ्ठावीस, म्हणतो लाल थांग,
इतक्या हळू की बरोबर म्हणायला
मला त्याच्यापाशी वाकावं लागतं.

जूनमध्ये समुद्रापलीकडून देणगीचं खोकं आलं.
आम्ही मागितले होते मार्कर आणि एक धड पंखा.
निघाले सव्वीस लोकरीचे कोट.
बाहेर चौतीस अंश, भिंतींनाही घाम.
मी वहीत लिहिलं: कोट, नग सव्वीस, उपयोग शून्य.
आणि हसले. त्या हसण्याची नोंद कुठे नाही,
म्हणून इथे करते.

मग लाल थांगच्या घरी पत्र आलं. नऊ वर्षांनी.
एक देश, जिथे म्हणे नद्यासुद्धा गोठतात.
त्या दुपारी सुई दोतने गणित बाजूला ठेवून
कोटांचा धडा घेतला. चेन. बटण. कानटोपी.
"थंडी म्हणजे काय?" न्गुन पारने विचारलं.
ती इथेच जन्मली, याच उकाड्यात,
एकाही देशाच्या वहीत नाव न लागता.
सुई दोत खाली जाऊन सरबतवाल्याकडून बर्फ घेऊन आली,
तिच्या मुठीत ठेवला, मूठ मिटली.
"हे. पण सगळीकडे. आणि सोडता येत नाही."

आता कोट पंचवीस आहेत.
कोट खर्चात टाकला. मुलगा कुठे टाकू?
जमेला लिहावा तर बाक रिकामा,
खर्चाला लिहावा तर जीभ अडते.
"तुझं पत्र?" मी विचारलं.
सुई दोत फळा पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

बूट कुणाचे, ते मागच्या आठवड्यात कळलं.
टायरवाला तवमणी. दोन महिने वर यायचा,
दाराशी शांतता ऐकायचा, शाळा सुटली समजून परत जायचा.
या वेळी मी दारातच होते, म्हणून भेटला.
खांद्यावर पंखा, खिशात घामाने ओले शंभर रिंगिट.
मी त्याला कारण सांगितलं.
तो काहीच बोलला नाही. त्याच्याच बुटांकडे बघत राहिला,
एखाद्याने आपल्या कुत्र्याकडे बघावं तसा,
ज्याने शेजारच्या पोराला घाबरवलंय.

आज आला तेव्हा पाऊल वाजलंच नाही.
खाली डोकावले, तर पहिल्या पायरीशी
ग्रीस लागलेले दोन बूट, नीट जोडून ठेवलेले.
वर पाढा चालू होता, मोठ्याने, चुकतमाकत.

भाड्याला अजून शंभर कमी आहेत.
हातचे धरलेत.