निल्तोनू नकोस

अरेकिपात, मिस्ती डोंगराच्या पायथ्याशी,
तासाला एक सोल घेणारं ते खोपट.
आम्ही पाच जण, खुर्च्या चार.
पाचवा बाटल्यांच्या क्रेटवर. तो मी.

आधी भाषा शिकावी लागली, मग खेळ.
'सूप निवतंय' म्हणजे पळा.
'मावशी आली' म्हणजे झाडीत कोणीतरी आहे.
'मांको' म्हणजे थोटा, ज्याला खेळता येत नाही तो.
बाहेरच्याला कळू नयेत म्हणूनच ते शब्द होते.
ज्या दिवशी मी अर्थ न विचारता हसलो
त्या दिवशी येर्सननं मला खुर्ची दिली.

'मांको' सगळे ओरडायचे, निल्तोन सोडून.
त्याच्या बापाचा डावा हात खाणीत राहिला होता.
आम्हाला ठाऊक होतं
आणि आम्ही ओरडायचोच.
तो हेडफोन सारखा करायचा, बस.

मग कुस्कोवाल्यांशी ती मॅच.
पैज दोन भाजलेल्या कोंबड्यांची.
जिंकल्यातच जमा होतो, फक्त मागे वळायचं नव्हतं.
निल्तोन वळला.
अर्धा नकाशा ओलांडून एकटा
नदीकाठच्या काळोखात गेला
आणि मेला, आणि आम्ही हरलो.

कोंबड्यांचे पैसे मोजताना पर्सी म्हणाला,
"यापुढे कोणी निल्तोनू नका रे."
झालं. क्रियापद जन्माला आलं.
निल्तोनला. निल्तोनतोय. निल्तोनशील बघ!
गल्लीतून शाळेत, शाळेतून दुसऱ्या खोपटांत.
निल्तोनही वापरायचा, हसून,
नेहमी भूतकाळात.

अकरा वर्षांनी, हुलियाकात,
ट्रकातला कांदा उतरेपर्यंत
थंडी चुकवायला एका दारात शिरलो.
आत शाळकरी पोरं, पडद्यांच्या उजेडात निळी.
एकजण किंचाळला, "निल्तोनू नकोस!"

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.
त्यानं वळून पाहिलं,
क्रेटवर बसलेल्याकडे पाहावं तसं.
"म्हणजे बावळटासारखं मागे जायचं नाही.
जो मेल्यातच जमा आहे त्याच्यासाठी."

नदीकाठी मी पडलो होतो.
रक्ताचा एक ठिपका शिल्लक,
आणि बोट मदतीच्या खुणेवर, दाबत, पुन्हा दाबत.
बाकीच्यांच्या पडद्यावर ती उमटली नसेल,
किंवा उमटली असेल. कोणी विचारलं नाही
आणि कोंबड्यांचे पैसे मोजताना
मीही बोललो नाही.

"बरोबर," मी त्या पोराला म्हणालो.
ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.