उरेब

मोन बायकांच्या नावाआधी ‘मी’ लावतात.
तर ही मी ठॉ.
वय एकसष्ट, मोलम्याइनच्या खालच्या बाजारात शिलाईचं दुकान,
चाळीस वर्षं लुंग्यांना टीप
आणि शाळेच्या पोरांच्या पांढऱ्या सदऱ्यांना काजं.
लेकीने परस्पर नाव नोंदवलं, दुकानाची किल्ली काढून घेतली,
टेकडीवरच्या केंद्रात आणून सोडलं.
म्हणाली, वीस दिवस, नुसतं बसायचं.

नुसतं.

पहाटे तीनला ओंडक्यावर टोले.
सागवानी दालनात पन्नास मच्छरदाण्या,
प्रत्येकीत एक बाई,
झाकून ठेवलेल्या ताटासारखी.

पहिल्या दिवशी पाठ. ती ओळखीचीच,
थिंजानच्या आधी ऑर्डरी उरकताना
हीच पाठ तिच्याशी भांडायची.
दुसऱ्या दिवशी डाव्या गालावरून मुंगी निघाली.
भुवईपर्यंत गेली, काहीतरी विसरल्यासारखी परत फिरली.
नोंद घ्यायची, हात लावायचा नाही, असा नियम.
खाज, खाज, खाज, ती मनात म्हणत राहिली.
टोला पडल्यावर बोट लावलं
तर मुंगी नव्हतीच.

चौथ्या दिवशी उजवा पाय चालू लागला.
मांडीखाली मुडपलेला, बधिर होऊन मेलेला,
तरी टाच चवडा, टाच चवडा,
पायडल खाली वर.
शेजारच्या दॉ न्वे यीने मौन मोडून सांगितलं,
तुझा पाय तर खांबासारखा होता गं,
मी बघतच होते.
(म्हणजे तीही डोळे उघडे ठेवून बसते.)

सयाडॉंनी विचारलं, दुखतं कुठे?
गुडघ्यात.
गुडघा केवढा! कुठून कुठपर्यंत?

असं तिला कुणी विचारलं नव्हतं.
डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, लेकीने बाम,
नवऱ्याने, होता तोवर, सल्ला.
तिने बोटं टेकवून माप सांगितलं:
वाटीच्या खाली चार बोटं,
तिथून आत, उरेब.
उभ्या धाग्यात जात नाही, म्हणून ताणतं.
म्हातारे भिक्षू हसले, दात पानाने लाल.
म्हणाले, उद्या पुन्हा मोज.

उद्या तीन बोटं भरलं.
परवा मोजेपर्यंत सरकलं.
ती समजत होती, दुखणं म्हणजे सबंध कापड आहे, ताग्याने आलेलं.
निघाले नुसते टाके.
एक, आणि एक, आणि
मध्ये कापडच नाही.

अकराव्या दिवशी डोकं फुगलं, छताला टेकेल इतकं.
दात दुसऱ्या कुणाचे, तोंडात सांभाळायला दिलेले.
मग हात गेले.
दुखत नव्हते, बधिर नव्हते, नव्हतेच.
मनगटांपुढे काहीतरी उबदार, काठ नसलेलं,
बाही उसवून हवेत सोडल्यासारखं.
पोथीत याला चांगलं नाव असेल.
तिला घाम फुटला.
ज्यांनी चाळीस वर्षं घर चालवलं
ते हात!
नियम मोडून तिने डोळे उघडले,
मच्छरदाणीत धडपडत दोन्ही तळवे तोंडासमोर धरले.
अंगुस्तानाचा वळ होता.
सुई आरपार गेली होती तो निळा ठिपका, नखाखाली, होता.
रडली. चार मच्छरदाण्या हलल्या.

संध्याकाळी हजेरीत नाव पुकारलं: मी...
आणि ओ द्यायला तिला
जरा वेळच लागला.

सयाडॉंना सांगताना हात गाळले. म्हणाली, गुडघा बरा आहे.
त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.
लिंबाचं गूळपाणी निवतंय, पिऊन घे, म्हणाले.

आता दुकान उघडं असतं.
सालवीनवरून वारा आला की कागदी साचे फडफडतात.
गुडघा दुखतो. चार बोटं, कधी तीन.
रात्री दिवा मालवायच्या आधी ती
हात एकदा उलटसुलट करून बघते,
गिऱ्हाइकाने शिवण तपासावी तसे.

काल मासळीवाली आली, खांद्याचं माप देताना अंग चोरलं.
मी ठॉने टेप तिथेच थांबवली,
विचारलं, कुठून कुठपर्यंत?

मासळीवाली म्हणाली,
बाई, मला ब्लाउज शिवायचाय.